ब्रदरला आधार द्यावा, ओझे नको: काय करावे, काय टाळावे

फादर होण्यासाठी सेमिनरीत गेलेला मुलगा दीक्षा घेऊन बाहेर पडेपर्यंत आठ-दहा वर्षे सहज जातात. चर्चच्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञानाची किमान दोन वर्षे आणि ईशज्ञानाची चार. त्याआधी पूर्वतयारीचे किमान एक वर्ष असावे, असे रोमच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने सांगितले आहे. शिवाय बहुतेक ठिकाणी मध्येच वर्षभर एखाद्या धर्मग्रामात किंवा शाळेत प्रत्यक्ष कामासाठी पाठवतात. एवढी सगळी वर्षे तो ‘ब्रदर’ असतो, फादर नसतो. तो स्वतःला तपासत असतो आणि चर्च त्याला तपासत असते. दोघांपैकी कुणीही ‘नाही’ म्हणू शकते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाविषयी जो आदेश काढला, त्यात पाचारणाची जबाबदारी सबंध ख्रिस्ती समाजावर ठेवली आहे. वसईतले आपण प्रापंचिक ती हौसेने पेलतो. ब्रदर सुट्टीला आला की अख्खी आळी त्याच्या अंगणात जमते. पण या हौसेत एक गोष्ट निसटते. आपल्या प्रेमाचे त्याला ऋण वाटू लागले, तर त्याच्या ‘हो’मध्ये मोकळेपणा उरत नाही आणि ‘नाही’ तर त्याच्या तोंडून निघतच नाही. पुढची यादी हे ध्यानात ठेवून केली आहे.

सेमिनरीत जाण्याआधी

करावे:

– मुलगा ‘मला फादर व्हायचंय’ म्हणाला की आधी पूर्ण ऐकून घ्यावे. हसू नये, रडू नये, लगेच नातेवाइकांना फोन करू नये. प्रमुख धर्मगुरूंशी त्याची गाठ घालून द्यावी, पाचारण शिबिराला जाऊ द्यावे, आणि काही महिने हा विषय त्याचा त्यालाच काढू द्यावा.

– शक्यतो पदवी पूर्ण करू द्यावी. काही धर्मप्रांत बारावीनंतरही मुले घेतात, पण माझे मत पदवीच्या बाजूचे आहे. कॉलेज पाहिलेला, चार मित्रमैत्रिणींत वावरलेला, जमल्यास थोडी नोकरी केलेला मुलगा आपण काय सोडतो आहोत ते जाणून सोडतो.

– घरात फादर-सिस्टरांच्या आयुष्याविषयी खरे बोलावे. सणाच्या दिवशीचा झगा आणि हारतुरे मुलाला दिसतातच. मध्यरात्री आजाऱ्याच्या घरून आलेला फोन, रिकाम्या बंगल्यातले जेवण, दर काही वर्षांनी होणारी बदली हेही त्याला कळू द्यावे.

टाळावे:

– मुलाच्या नावाने केलेला नवस त्याच्या डोक्यावर ठेवू नये. ‘तू आजारी होतास तेव्हा मी तुला देवाला दिलं होतं’ हे वाक्य कितीही श्रद्धेने म्हटले तरी मुलाच्या पायात बेडी घालते. चर्चच्या कायद्याचे ११९३ क्रमांकाचे कलम स्पष्ट आहे: नवस करणाऱ्यालाच तो बांधतो, दुसऱ्या कुणाला नाही. आई-वडिलांनी केला असेल, तर त्यांनी आपल्या फादरांशी बोलून तो स्वतःपुरता मिटवावा.

– दहा वर्षांच्या वेदीसेवकाला ‘आमचे छोटे फादर’ म्हणू नये.

– अडवूही नये. ‘एवढे मार्क पडलेत, इंजिनीअर हो’, ‘एकुलता आहेस, घर कोण सांभाळणार?’ हा दाबही तितकाच अन्यायाचा. गुरुपदासाठी कुणावर सक्ती करणे आणि लायक उमेदवाराला त्यापासून परावृत्त करणे, दोन्ही कायद्याने निषिद्ध आहेत.

सुट्टीत घरी आला की

करावे:

– त्याला काम सांगावे. वाडीत पाणी लावणे, बाजारातून मासळी आणणे, जेवल्यावर भांडी घासणे. ज्याच्यासमोर सगळे उठून उभे राहतात, ज्याचे ताट दुसरे कुणी उचलते, अशा मुलाला पुढे सेवा शिकवणे अवघड जाते.

– दुःखाच्या घरी, इस्पितळात, वृद्धाश्रमात बरोबर न्यावे. नालासोपारा-विरारच्या चाळींत परप्रांतातून आलेली कॅथलिक कुटुंबे राहतात. आपण जुने वसईकर त्यांच्या दारी क्वचित जातो. ब्रदरला घेऊन जावे, म्हणजे आपलेही जाणे होईल.

– मराठी द्यावी. हा मुद्दा मला फार जवळचा आहे. गोरेगावचे सेंट पायस कॉलेज असो की पुण्याची पेपल सेमिनरी, अभ्यास इंग्रजीतून चालतो. वर्षामागून वर्षे इंग्रजीत ईशज्ञान वाचलेला तरुण दीक्षेनंतर निर्मळला किंवा गासला प्रवचनाला उभा राहतो तेव्हा त्याची वाक्ये इंग्रजी वळणाची होतात आणि बाकांवरच्या आजीपर्यंत पोहोचत नाहीत. हे प्रापंचिकांनी रोखायचे आहे. ‘सुवार्ता’ मासिकाची वर्गणी त्याच्या नावाने भरावी. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ भेट द्यावे. वसईचा हा धर्मगुरू २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, तो आयुष्यभर मराठीत वाचत-लिहीत राहिल्यामुळे. ब्रदरने प्रवचनाचा सराव केला तर समोर बसून ऐकावे आणि कुठे कळले नाही ते सांगावे. घरात त्याच्याशी कादोडीत किंवा वाडवळीत बोलावे, ‘ब्रदर आहे’ म्हणून अचानक शुद्ध भाषेवर जाऊ नये.

– पुण्यात राहणाऱ्या मराठी कॅथलिकांनी आणखी एक करावे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये कँडीला स्थापलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली, आणि तिथे देशभरातल्या धर्मप्रांतांची मुले शिकतात. त्यांचे घर दोन-दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाइतके लांब असते. रेक्टरांची परवानगी घेऊन एखाद्या रविवारी दोघा-तिघांना जेवायला बोलवावे. पंगत नको, घरात जे शिजले आहे ते वाढावे.

टाळावे:

– आशीर्वाद मागू नये, घर-गाडी आशीर्वादित करून घेऊ नये. तो अधिकार त्याला अजून मिळालेला नाही. नवरा-बायकोच्या भांडणात मध्यस्थ म्हणूनही बसवू नये. बावीस वर्षांच्या मुलावर तो भार अन्यायाचा.

– ‘आता किती वर्षं राहिली?’ हा प्रश्न विचारू नये. विचारणाऱ्याला तो साधा वाटतो. ब्रदरला तो दर सुट्टीत, प्रत्येक ओट्यावर ऐकू येतो, आणि ज्या वर्षी त्याच्या मनात शंका असते त्या वर्षी त्याला उत्तर देणे जड जाते.

– धर्मग्रामातले गट-तट त्याच्या कानावर घालू नयेत. कोणत्या फादरांनी हिशेब दिला नाही, कमिटीत कुणाचे कुणाशी वाजले, हे ज्यांनी ऐकायला हवे त्यांना सांगावे.

– ग्लास पुढे करू नये. ‘एक घोट, कुणाला कळतंय!’ हा आग्रह प्रेमाचा नव्हे.

– मुलीशी बोलताना दिसला की कुजबुज करू नये. ब्रह्मचर्याने राहायचे ठरवलेल्या माणसाला आयुष्यभर बायकांमध्येच काम करायचे असते: शिक्षिका, सिस्टर, धर्मग्रामातल्या कार्यकर्त्या, विधवा, तरुण मुली. त्यांच्याशी सरळ, मोकळे, मर्यादेतले बोलणे त्याने आजच शिकायला हवे. आपण प्रत्येक संभाषणाकडे संशयाने पाहिले, तर तो एकतर बायकांना टाळायला शिकेल किंवा लपून बोलायला. दोन्ही घातक.

पैसा आणि वस्तू

करावे: पैसा नेहमी धर्मप्रांताच्या पाचारण निधीत किंवा सेमिनरीच्या कार्यालयात द्यावा आणि पावती घ्यावी. त्यातून खेळत्या पैशाच्या घरातला मुलगा आणि भातशेतीवर जगणाऱ्या घरातला मुलगा, दोघांनाही सारखी मदत पोहोचते. रकमेपेक्षा नियमितपणा मोठा. दर महिन्याला थोडे देणारी दहा घरे सेमिनरीच्या स्वयंपाकघराला अधिक उपयोगी पडतात. चष्मा, दातांचा खर्च, पुस्तके, लोकलचा पास अशा साध्या गरजा असतात, पण त्या काय आहेत ते रेक्टरांना विचारावे, मुलाला नव्हे.

प्रापंचिकांना याबाबतीत काय करता येते याचे एक उदाहरण आहे. १८८९ मध्ये नॉर्मंडीतील कां शहरातल्या स्तेफनी आणि झान बिगार या मायलेकींना नागासाकीच्या बिशपांचे पत्र आले. होतकरू मुले आहेत, पण शिकवायला पैसे नाहीत म्हणून त्यांना परत पाठवावे लागते, असा त्याचा आशय होता. या दोघी बायका पैसे गोळा करत राहिल्या आणि त्यातून प्रेषित संत पेत्राच्या नावाची संस्था उभी राहिली. १९२२ मध्ये पोपनी तिला आपल्या अधिकाराखाली घेतले, आणि मिशन प्रदेशांतल्या सेमिनरींना ती आजही मदत करते. (आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये त्याच नागासाकीत क्रुसावर मरण आले, त्यामुळे ते पत्र आपल्याच घरी आल्यासारखे मला वाटते.)

टाळावे:

– खिशात नोटा कोंबू नयेत. ‘मामाने दिलेत, रेक्टरांना सांगू नकोस’ म्हणणारा मामा भाच्याला पहिली लपवाछपवी शिकवतो.

– महागडा फोन, दुचाकी, ब्रँडेड घड्याळ देऊ नये. एका खोलीत चौघे राहतात. एकाच्या मनगटावरचे घड्याळ उरलेल्या तिघांना दिसते.

– मिस्साच्या हेतूचे पैसे ब्रदरकडे देऊ नयेत. तो मिस्सा अर्पण करू शकत नाही. ते धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावेत.

– ‘तुझ्या शिक्षणाला आम्ही मदत केली’ हे कधीही बोलून दाखवू नये. त्याला नाही, त्याच्या आईलाही नाही, तो फादर झाल्यावर तर मुळीच नाही.

त्याच्या आई-वडिलांसाठी

माझ्या मते प्रापंचिकांची सर्वात मोठी मदत इथे व्हायला हवी आणि इथेच ती सर्वात कमी होते. पूर्वी वसईच्या घरात पाच-सहा मुले असत. एक सेमिनरीत गेला तरी वाडी पाहायला भाऊ होते. आता घरात एक मुलगा, एक मुलगी. मुलगी सासरी जाते, मुलगा सेमिनरीत, आणि साठीतली दोघे उरतात. धर्मप्रांतीय फादर गरिबीचे व्रत घेत नाही, तरी त्याच्या मानधनावर घर चालत नाही. आई-बापांच्या म्हातारपणाची काळजी हेच कित्येक मुलांना आतून पोखरते, आणि ते ती कुणाला बोलून दाखवत नाहीत.

म्हणून:

– शेजारच्या दोन-तीन घरांनी कामे वाटून घ्यावीत. पेन्शनचा हयातीचा दाखला, बँकेतले केवायसी, गॅसची नोंदणी, दवाखान्यातला नंबर. छोट्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत हे ठरवता येते.

– विहिरीचा पंप बिघडला, छपरातून गळू लागले, तर सेमिनरीत फोन जाण्याआधी आपण जावे.

– वडील त्याच्या जाण्याने नाराज असतील, तर त्यांना उपदेश करू नये. मुलगा गेलेल्या बापाला दुःख करायचा हक्क आहे. त्यांच्याबरोबर बसावे, वाडीचे, भावाचे, क्रिकेटचे बोलावे.

– नाताळच्या रात्री ब्रदर चर्चमध्ये गुंतलेला असतो. त्याच्या आई-वडिलांना आपल्या घरी जेवायला न्यावे.

– आईला ‘भाग्यवान आहेस’ एवढेच म्हणून निघून जाऊ नये. ती एकटी आहे का, हेही विचारावे.

प्रार्थना

इथे फार सांगायला नको. ईस्टरनंतरचा उत्तम मेंढपाळाचा रविवार १९६४ पासून जगभर पाचारणासाठी पाळला जातो. त्या एका दिवसावर थांबू नये. घरच्या जपमाळेत एक रहस्य सगळ्या ब्रदरांसाठी ठेवावे. ‘आमचा अमुक फादर होऊ दे’ अशी प्रार्थना त्याच्यासमोर मोठ्याने करू नये. ‘देवाची इच्छा त्याला कळू दे’ एवढे पुरते.

खरे सांगावे

दीक्षेआधी धर्मग्रामातून चौकशी होते. प्रमुख धर्मगुरू विचारतात, काही ठिकाणी नाव चर्चमध्ये वाचून दाखवतात. गुरुपदाच्या आड येणारी काही बाब माहीत असेल तर ती कळवणे हे कायद्याच्या १०४३ व्या कलमाने आपले कर्तव्य ठरवले आहे. आपण मात्र ‘गावचा पोरगा आहे, कशाला वाईट बोला’ म्हणून गप्प बसतो.

– जे स्वतः पाहिले तेच सांगावे. ऐकीव सांगू नये.

– चांगलेही तितक्याच नेमकेपणाने सांगावे. ‘चांगला मुलगा आहे’ याला काही वजन नाही. ‘माझ्या आजारी सासऱ्यांना तो दोन सुट्ट्या अंघोळ घालायला येत होता’ याला आहे.

– राग, दारू, पैशाचा मोह, लहानांशी कठोरपणा दिसला तर वेळेवर सांगावे. सेमिनरीत असताना मदत मिळू शकते. दीक्षेनंतर त्याची किंमत अख्खे धर्मग्राम मोजते.

– मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर चर्चमधल्या वरिष्ठांना सांगून थांबू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. नाते, गाव, फादरकीचा मान यांतले काहीही त्याआड येऊ देऊ नये.

दीक्षेचे वर्ष

डीकन होताना मुलगा ब्रह्मचर्याचे वचन देतो. त्याआधी आपण स्वखुशीने, कायमसाठी हे पद स्वीकारतो आहोत, असे त्याला स्वतःच्या हाताने लिहून सही करून द्यावे लागते. हे पत्र लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे छापलेल्या आमंत्रणपत्रिका नसाव्यात. आपण मात्र वर्षभर आधी हॉल ठरवतो, बँडवाल्याला आगाऊ रक्कम देतो, परदेशातल्या नातेवाइकांची तिकिटे काढायला लावतो. इतके सगळे ठरलेले असताना ‘थांबा, मला अजून विचार करायचा आहे’ असे म्हणायला केवढे धैर्य लागेल!

करावे: डीकनपदानंतरच तयारीला लागावे. जेवण साधे ठेवावे आणि खर्च धर्मग्रामाने मिळून उचलावा. त्याच्या वर्गातल्या, पण वाटेत सेमिनरी सोडलेल्या मित्रांनाही आमंत्रण द्यावे आणि पुढे बसवावे.

टाळावे: नाक्यानाक्यावर फ्लेक्स. सोन्याची चेन. गाडीसाठी वर्गणी. पहिल्या मिस्साच्या जेवणासाठी घरच्यांनी कर्ज काढणे हे तर काकांनी, मामांनी ठामपणे थांबवावे.

परत आला तर

सेमिनरीत गेलेल्यांपैकी सगळे फादर होत नाहीत, व्हायचेही नसतात. पूर्वतयारीच्या वर्षात कुणी थांबतो, कुणी तत्त्वज्ञान संपल्यावर, कुणी अगदी डीकनपदाच्या तोंडाशी. कधी तो स्वतः ठरवतो, कधी सेमिनरी सांगते. निवडीची एवढी वर्षे ठेवलीच आहेत ती यासाठी. म्हणून जो परतला तो हरला, असे मानायला चर्चच्या शिकवणीत काही आधार नाही. पण आपल्या आळीत त्याला तसेच वागवतात. काही मुले या भीतीने सेमिनरीत राहतात आणि नंतर दुःखी फादर होतात. त्यात आपलाही हात असतो.

टाळावे:

– ‘का सोडलं?’ हा प्रश्न. सांगायचे असेल तेव्हा तो सांगेल, ज्याला सांगायचे त्याला सांगेल.

– कारण शोधणे. ‘कुणी मुलगी असणार’, ‘काढून टाकलं असणार.’ त्याची आई शेजारच्याच विहिरीवर असते, तिच्या कानावर हे जाते.

– पहिल्याच महिन्यात स्थळ सुचवणे. तसेच पुढची वीस वर्षे ‘हा फादर होणार होता’ अशी ओळख करून देणे.

– ‘देवाला फसवलंस’ किंवा ‘आमच्या प्रार्थना वाया गेल्या’ असे म्हणणे. कुणाच्या तोंडून हे निघाले तर तिथल्या तिथे थांबवावे, वयाने मोठ्या माणसालाही.

करावे:

– पहिल्या रविवारी मिस्साला तो एकटा येणार नाही असे पाहावे. मित्राने घरी जावे आणि बरोबर चालत यावे. वाचन करायला, गायनमंडळात उभे राहायला त्याला आवडत असेल तर ते त्याच्याकडून काढून घेऊ नये. नको असेल तर गळ घालू नये.

– सेमिनरीत वेगळी सोय झाली नसेल, तर समुपदेशकाची गाठ घालून द्यावी आणि काही महिन्यांची फी कुणी तरी उचलावी.

– कामाला लावावे. त्याच्या तत्त्वज्ञानाच्या पदवीकडे बँकेतला माणूस गोंधळून पाहतो. पण त्याला चांगले इंग्रजी येते, चार माणसांसमोर बोलता येते, लेखन जमते, वेळ पाळायची सवय असते, आजाऱ्याशी कसे वागावे हे ठाऊक असते. शाळा, सामाजिक संस्था, इस्पितळाचे कार्यालय, प्रकाशन, प्रशिक्षण, एवढ्या ठिकाणी त्याला जागा आहे. धर्मग्रामात मुख्याध्यापक आहेत, कंपन्यांत मोठ्या पदांवर माणसे आहेत. त्यांनी त्याचा अर्ज स्वतः वाचावा, ओळखीच्या ठिकाणी शब्द टाकावा. बी.एड. किंवा समाजकार्याची पदवी करायची असेल तर पाचारण निधी ज्या उत्साहाने भरला, त्याच उत्साहाने त्या फीसाठी चार घरांनी एकत्र यावे. अर्जात सेमिनरीची वर्षे लपवायला त्याला सांगू नये. अभ्यासाचे विषय, केलेले काम, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या वर्षांसह नीट लिहायला त्याच्या शेजारी बसावे.